एस्टोनियाचा फुटबॉलपटू कॉन्स्टान्टिन वासिल्येव एकाही बड्या क्लबात खेळला नाही, मग तिकडे त्याचं एवढं नाव का?

क्लबांची यादी पाहून त्याचा अंदाज येणार नाही. युरो २०१२ च्या (युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या) पात्रता फेरीचं गुणपत्रक काढून बसा.

एस्टोनिया गटात दुसरा आला तो १६ गुणांवर, सर्बिया १५ वर अडकला. फरक एका गुणाचा. ऑक्टोबर २०१० मध्ये बेलग्रेडला एस्टोनिया ३-१ ने जिंकला, त्यात एक गोल वासिल्येवचा. मार्च २०११ मध्ये घरच्या मैदानावर, ताल्लिनला, सर्बिया १-० ने पुढे होता. ८४ व्या मिनिटाला वासिल्येवनेच बरोबरी केली. तो एक गोल वजा करून बघा: एस्टोनिया १५, सर्बिया १७, खेळ खलास. पुढे ल्युब्लियानात स्लोव्हेनियाविरुद्ध पेनल्टीवर गोल. आणि ७ ऑक्टोबरला बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडविरुद्ध संघ ०-१ ने मागे असताना ७७ व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल, ८४ व्या मिनिटाला विजयी गोल. चार दिवसांनी सर्बिया स्लोव्हेनियात हरला (त्यांच्या विदिचने पेनल्टी घालवली) आणि जेमतेम १३ लाख वस्तीचा देश गटात दुसरा येऊन प्लेऑफला, म्हणजे युरोच्या तिकिटासाठीच्या शेवटच्या लढतीला, पोचला. तिथे आयर्लंडने ताल्लिनमध्येच ४-० ने धुतलं, त्यात एस्टोनियाला दोन लाल कार्डं. डब्लिनच्या १-१ बरोबरीतला गोलही वासिल्येवचाच, पण तोवर सगळं संपलं होतं.

क्लबांचं म्हणाल तर एस्टोनियातल्या लीगची रचनाच आडवी येते. दहा संघ, प्रत्येकाशी चार-चार सामने, मोसम थंडीमुळे मार्च ते नोव्हेंबर. वर्षभर त्याच त्या खेळाडूंना तोंड द्यायचं, त्यामुळे खेळ एका पातळीवर थांबतो. बाहेरच्यांच्या नजरेत यायची संधी म्हणजे उन्हाळ्यातल्या युरोपीय पात्रता फेऱ्या. त्याच्या तिथल्या लेव्हाडिया क्लबाने २००६ मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटेला बाहेर काढलं, मग इंग्लंडच्या न्यूकॅसलकडून हरले. तरीही तो देशाबाहेर पडला २००८ मध्ये, म्हणजे चोविशीच्या आसपास, आणि गेला तोही स्लोव्हेनियातल्या नाफ्ता लेंडावासारख्या छोट्या क्लबात. तिथून कोपर, रशियात अमकार पर्म, पोलंडमध्ये पियास्त ग्लिविचे आणि यागिएलोनिया. माझ्या मते त्याचा क्लबातला सर्वोत्तम काळ यागिएलोनियाचाच; २०१६-१७ मध्ये तो संघ पोलंडच्या लीगमध्ये दुसरा आला. उशिरा निघालेल्या मिडफिल्डरला बडे क्लब सहसा घेत नाहीत, त्या वयात त्यांना पुढे विकता येईल असा पोरगा हवा असतो.

२०१९ मध्ये तो मायदेशी, ताल्लिनच्या फ्लोरा क्लबात परतला. २०२१ मध्ये फ्लोरा कॉन्फरन्स लीगच्या (युरोपीय क्लबांच्या तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेच्या) गट फेरीत पोचला. युरोपीय स्पर्धेच्या गट फेरीत जाणारा हा एस्टोनियाचा पहिला क्लब. वासिल्येव तेव्हा ३७ वर्षांचा होता.