खिशातली दुसरी गोळी

"मधुमेहाची औषधे चालू असताना 'ती' गोळी घेतली तर चालेल का?" हा प्रश्न पुरुष मला बहुधा निघता निघता, दाराशी उभे राहून विचारतात. चोपन्न वर्षांच्या त्या गृहस्थांनीही (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) पाऊण तास झोपेच्या तक्रारीत घालवला आणि मगच तो विचारला. अकरा वर्षांचा मधुमेह, वर्षभरापासून संभोगाच्या वेळी लिंगाची ताठरता टिकत नव्हती, आणि पत्नीने समजूत करून घेतली होती की आता आपण त्यांना नकोशा झालो आहोत. मित्राने दिलेली १०० मिलिग्रॅम सिल्डेनाफिलची (व्हायग्रातले, ताठरतेसाठीचे औषध) पट्टी पाकिटात होती. सुदैवाने अजून फोडलेली नव्हती.

मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिनशी या औषधाचे सहसा वाकडे नसते, हे मी त्यांना सांगितले. मग चालू असलेल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवायला लावल्या. साखरेची, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची. आणखी काही? "नाही." छातीत दुखले तर काय घेता, असे विचारल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून बोटाएवढी बाटली काढली. "ही रोजची नाही हो मॅडम, कधीतरी जिभेखाली ठेवतो."

ती नायट्रेटची, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावरची गोळी होती. दोन्ही औषधे रक्तवाहिन्या सैल करतात आणि एकत्र आली तर रक्तदाब जीव जाईल इतका कोसळू शकतो. म्हणूनच सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि त्याच प्रकारचे टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट देत नाहीत. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही दाब उतरतो, तेव्हा त्याही सांगायला हव्यात. शिवाय मधुमेहाने मज्जातंतू बधिरले असतील, तर हृदयाचे दुखणे छातीत जाणवतच नाही, आणि ताठरता कमी होणे ही कधीकधी त्याच अरुंद होत चाललेल्या रक्तवाहिन्यांची आधीची सूचना असते. म्हणून पट्टी बाजूला ठेवून, पण नायट्रेट स्वतःच्या मनाने बंद न करता, मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

तपासण्यांनंतर डॉक्टरांनी हृदयाचे औषध बदलले, नायट्रेट थांबवले आणि काही आठवड्यांनी सिल्डेनाफिलची २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दिली. पहिल्या दोन वेळा काहीच घडले नाही. भरपेट, तुपकट जेवणानंतर गोळी घेतल्याने तिचा परिणाम लांबला होता, आणि गोळी घेऊन नुसते वाट पाहत पडून राहिल्याने काही होत नाही, त्यासाठी जवळीक लागते, हेही त्यांना कुणी सांगितले नव्हते. घाम आला, चक्कर आली तर ती गोळीचीच म्हणून सोडून न देता आधी साखर मोजायची, एवढे मी त्यांच्या वहीत लिहून दिले.

पुढच्या वेळी ते पत्नीला घेऊन आले. हा आजार नसांचा आणि रक्तवाहिन्यांचा आहे, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी वही मागून घेतली आणि गोळी घेतल्याची तारीख-वेळ स्वतःच्या हाताने लिहायला एक रकाना आखला, म्हणजे रात्री-अपरात्री यांच्या छातीत दुखलेच, तर दवाखान्यात पहिली गोष्ट कोणती सांगायची हे त्यांना ठाऊक असेल.