मुशियाची दगडी नाव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : स्पेनमधील मुशिया या समुद्रकाठच्या गावी मरिया माता दगडाच्या नावेतून आली होती आणि त्या नावेचे अवशेष आजही तेथील चर्चसमोर पडलेले आहेत, असे एका प्रवासवर्णनात वाचले. ही कथा नेमकी काय आहे, आणि तिला इतिहासाचा कितपत आधार आहे?

उत्तर : मुशिया हे गाव स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गालिसिया प्रांतातील आ कोरुन्या जिल्ह्यात आहे. गावापासून थोडे पुढे, जमिनीचा चिंचोळा सुळका जेथे अटलांटिक समुद्रात शिरतो, तेथे अगदी खडकांना लागून ‘विर्शे दा बार्का’ म्हणजे नावेच्या मातेचे चर्च उभे आहे. कथा अशी सांगतात की, येशूचा शिष्य प्रेषित याकोब, ज्याला स्पेनमध्ये सांतियागो म्हणतात, तो धर्मप्रसारासाठी या भूमीच्या टोकापर्यंत आला. परंतु लोक त्याचे ऐकेनात, तेव्हा निराश होऊन तो याच खडकांवर प्रार्थना करीत बसला. त्या वेळी समुद्रातून एक नाव येताना त्याला दिसली. नाव दगडाची होती, ती देवदूत वल्हवीत होते आणि तिच्यात मरिया माता होती. तुझे कष्ट वाया गेलेले नाहीत, आता तू यरुशलेमला परत जा, असे तिने त्याला सांगितले आणि नाव तेथेच ठेवून ती अंतर्धान पावली. चर्चसमोरचा मोठा सपाट खडक म्हणजे त्या नावेचा तळ, त्याच्याजवळचा वाकडा उचललेला खडक म्हणजे शीड आणि आणखी एक म्हणजे सुकाणू, अशी समजूत आहे.

कथेला एक पुरवणीही आहे. खडकाखाली मातेची मूर्ती सापडली, ग्रामस्थांनी ती गावातल्या चर्चमध्ये नेऊन ठेवली, पण ती पुन्हापुन्हा समुद्राकाठच्या आपल्या जागी परत जाऊ लागली; म्हणून शेवटी तेथेच तिच्यासाठी प्रार्थनागृह बांधले गेले. देवाची मूर्ती आपली जागा स्वतः निवडते, हा कथाप्रकार युरोपात फार ठिकाणी आढळतो आणि अशा कथेत एक व्यवहारही असतो : वाऱ्या-लाटांच्या तोंडावर, गावापासून दूर, एवढ्या गैरसोयीच्या जागी देवस्थान का, या प्रश्नाचे उत्तर ती देऊन टाकते.

आता इतिहासाकडे वळू. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकानुसार याकोबाचा वध हेरोद राजाने यरुशलेममध्ये करविला; हा काळ साधारणपणे इसवी सन ४४ चा धरतात. याकोबाने स्पेनमध्ये प्रचार केला असा उल्लेख मात्र सातव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे सुमारे सहाशे वर्षांनी, लिखाणात येऊ लागतो. त्याची मानली जाणारी कबर नवव्या शतकाच्या पूर्वार्धात इरियाचा बिशप तेओदोमिरो याच्या काळात ‘सापडली’, आस्तुरियाचा राजा दुसरा अल्फोन्सो याने तेथे चर्च उभारले आणि त्यातूनच सांतियागो दे कोम्पोस्तेला हे तीर्थक्षेत्र वाढले. तेव्हा मुशियाची कथा पहिल्या शतकातील घटनेची आठवण आहे असे म्हणता येत नाही. ती सांतियागोच्या कीर्तीबरोबर पसरलेल्या कथांच्या परिवारातली आहे. याच परिवारातली, याहून कितीतरी प्रसिद्ध कथा सारागोसा येथील आहे. तेथेही खचलेल्या याकोबाला धीर देण्यासाठी मरिया माता प्रकट होते, फक्त ती नावेतून न येता खांबावर उभी राहते.

परंतु मला या प्रश्नातला खरा कुतूहलाचा भाग याकोब नसून दगड वाटतो. गालिसियात दगडी नावा एकापेक्षा अधिक आहेत. काही कथांत याकोबाचा मृतदेहच दगडी नावेतून किनाऱ्याला लागतो, आणि उत्तरेकडील सान आंद्रेस दे तेशिदो येथे संत आंद्रियासही तशाच नावेतून येतो. सहाव्या शतकात ब्रागाचा बिशप मार्तिन याने या भागातील खेडुतांना उद्देशून जे प्रवचन लिहिले, त्यात दगड, झाडे आणि झरे यांच्यापाशी दिवे लावण्याच्या चालीचा त्याने कडक शब्दांत निषेध केला आहे. पुढे ६८१ आणि ६९३ या वर्षी तोलेदो येथे भरलेल्या धर्मसभांनाही दगड पूजणाऱ्यांविरुद्ध ठराव करावे लागले. एकच बंदी शतकभराने पुन्हा घालावी लागते, याचा अर्थ पहिली कोणी फारशी मानली नव्हती. या पार्श्वभूमीवर, मुशियाचे खडक आधीपासून लोकांच्या श्रद्धेचे स्थान होते, आणि जी श्रद्धा मोडता आली नाही तिला मरिया मातेची कथा जोडून चर्चने आपलेसे केले, हे अनेक अभ्यासकांचे मत मला पटते. नाव दगडाची का, याचे उत्तर मग सरळ आहे : दगड तेथे होतेच, कथा त्यांच्यामागून आली आणि इमारत त्याहून मागून.

प्रश्न : या खडकांपैकी एक खडक माणसे वर चढली की डोलतो, आणि निरपराध माणूस असेल तरच डोलतो, असे म्हणतात. हे शक्य आहे का?

उत्तर : पूर्वार्ध शक्य आहे. ‘पेद्रा दे आबालार’ नावाचा हा खडक म्हणजे सुमारे नऊ मीटर लांबीची ग्रॅनाइटची शिळा आहे. लांबी-रुंदीच्या मानाने तिची जाडी अगदीच कमी आहे. ग्रॅनाइटला पृष्ठभागाशी समांतर अशा भेगा पडतात, त्यांच्यात पाणी आणि खारट दमटपणा शिरून खालचा भाग झिजत जातो आणि शेवटी वरचा पापुद्रा थोड्याच ठिकाणी टेकून राहतो. अशा शिळेचा तोल मधोमध असला, तर टोकाशी उभ्या राहिलेल्या काही माणसांनी एकाच लयीत वजन टाकले की ती किंचित वरखाली होते. एकट्याने ती न हलणे आणि जमावाने हलणे यात काही गूढ नाही. आणि समुद्राचा जोर असेल तेव्हा ती माणसांवाचूनही हलल्याच्या गोष्टी आहेत, ज्यांना लोक पुढच्या संकटाची सूचना समजत.

उत्तरार्धाबद्दल एवढेच म्हणता येईल की, दगडाच्या हालचालीवरून दोषी-निर्दोष ठरविण्याची समजूत डोलत्या खडकांबाबत इतर देशांतही होती. वल्हवणाऱ्याप्रमाणे लय साधता आली नाही तर निरपराध माणूसही तेथे दोषी ठरला असता. डिसेंबर १९७८ मधील वादळात लाटांनी ही शिळा जागेवरून सरकवली व तिचा तुकडा पडला. नंतर तिची डागडुजी झाली, तरी ती आता पूर्वीसारखी सहज डोलत नाही.

प्रश्न : ‘शिडा’च्या खडकाखालून नऊ वेळा गेल्यास पाठदुखी बरी होते का?

उत्तर : त्या खडकाचे नाव ‘पेद्रा दोस कादरीस’. त्याच्याखालून नऊ वेळा गेल्याने कंबरेची आणि मूत्रपिंडाची दुखणी जातात, ही समजूत खरोखरच प्रचलित आहे आणि यात्रेच्या दिवशी तेथे रांग लागते. वैद्यकीय पुरावा काहीही नाही. खालची जागा बरीच ठेंगणी असल्याने नऊ वेळा वाकून, सरपटत जाऊ शकणाऱ्या माणसाची पाठ मुळातच ठीक असावी, असे मात्र वाटते.

प्रश्न : हे चर्च काही वर्षांपूर्वी नाताळच्या दिवशी जळाले, हे खरे का? मातेने त्याचे रक्षण का केले नाही, असा प्रश्न तेथील लोकांना पडला नसेल का?

उत्तर : आग लागली हे खरे आहे. २५ डिसेंबर २०१३ रोजी सकाळी, किनाऱ्यावर वादळ सुरू असताना, चर्चने पेट घेतला. जवळच्या विद्युत रोहित्रावर वीज कोसळून आग लागली, असे तेव्हा सांगण्यात आले. भिंती ग्रॅनाइटच्या असल्यामुळे उभ्या राहिल्या. छत कोसळले, आणि सर्वांत मोठी हानी म्हणजे मुख्य वेदीमागचा कोरीव लाकडी पट नष्ट झाला. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मिगेल दे रोमाय या सांतियागोच्या काष्ठशिल्पकाराने घडविलेले ते बारोक शैलीतील काम होते. मध्ययुगातील लहान प्रार्थनागृहाच्या जागी मासेदाच्या काउंट घराण्याच्या आश्रयाने आजची इमारत उभी राहिली, तीही त्याच काळातली. आगीनंतर छत नव्याने घालून चर्च उपासनेसाठी पुन्हा खुले झाले आणि हरवलेल्या पटाच्या जागी त्याचे पूर्णाकृती छायाचित्र कापडावर छापून लावण्यात आले. खोटे कोरीवकाम करण्यापेक्षा हा उपाय मला अधिक प्रामाणिक वाटतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना त्या किनाऱ्याची ओळख करून द्यावी लागेल. त्याला ‘कोस्ता दा मोर्ते’ म्हणजे मृत्यूचा किनारा म्हणतात. नोव्हेंबर १८९० मध्ये कामारिन्यासजवळ ब्रिटिश नौदलाचे ‘सर्पंट’ हे जहाज खडकांवर आपटले, तेव्हा १७५ जणांपैकी तिघेच वाचले. त्या दुर्घटनेनंतर जवळच्या काबो विलान येथे वीज वापरणारे स्पेनमधील पहिले दीपगृह १८९६ मध्ये सुरू झाले. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘प्रेस्टिज’ हे तेलवाहू जहाज वादळात फुटून काही दिवसांनी बुडाले. त्यात सुमारे ७७,००० टन जड इंधन तेल होते, आणि मुशियाचे हेच खडक काळ्या, चिकट तेलाने माखले. ते हातांनी खरवडून काढण्यासाठी हजारो स्वयंसेवक आले. चर्चच्या वरच्या अंगाला दुभंगलेल्या ग्रॅनाइटचे ‘आ फेरिदा’, म्हणजे जखम, नावाचे जे प्रचंड शिल्प आहे, ते शिल्पकार आल्बेर्तो बान्युएलोस यांनी त्या आपत्तीच्या स्मरणार्थ घडविले. ज्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसे समुद्रात गेली आणि परतली नाहीत, तेथे माता सर्व संकटे टाळते, अशी समजूत मुळातच टिकली नसती. संकटात धीर द्यायला ती येते, एवढेच तेथील कथेत आहे. याकोबालाही तिने यश दिले नव्हते, धीर दिला होता. त्यामुळे आगीने हळहळ प्रचंड वाटली असणार, पण तेवढ्याने श्रद्धेला तडा जावा, असे त्या श्रद्धेचे स्वरूपच नाही.

प्रश्न : सांतियागोची पदयात्रा करणारे मुशियालाही जातात का? यात्रा केव्हा भरते?

उत्तर : जातात. सांतियागोहून पश्चिमेला पुढे जाणारी वाट फिस्तेरा आणि मुशिया या दोन टोकांना पोहोचते. मुशियापर्यंतचे अंतर नव्वद किलोमीटरच्या आत आहे आणि चालत आलेल्यांना तेथे ‘मुशियाना’ नावाचे प्रमाणपत्र मिळते. वाटेत, गावाच्या थोडे आधी, सान शुलियान दे मोराइमे या जुन्या मठाचे बाराव्या शतकातील चर्च लागते. त्याचे कोरीव प्रवेशद्वार पाहण्यासाठी थांबावे. नावेच्या मातेची यात्रा सप्टेंबरमध्ये, मरियेच्या जन्मोत्सवाला म्हणजे ८ तारखेला लागून येणाऱ्या रविवारच्या सुमारास भरते. हिवाळ्यात गेल्यास गर्दी नसते, परंतु तेव्हा लाटा चर्चच्या दारापर्यंत येतात, म्हणून समुद्र खवळलेला असताना त्या खडकांवर उतरू नये.