छोट्या गावात वकिली आणि रानावनाचं वेड: जॉन वोल्कर

तुमचा प्रश्न: 'नुकतीच सनद मिळाली आहे. घरचे म्हणतात शहरातल्या फर्ममध्ये जा, मला मात्र डोंगर-नदी सोडून जायचं नाही. छोट्या गावात वकिली करून असं आयुष्य काढलेला कुणी खरा वकील आहे का?'

आहे. मी स्वतः तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि ज्युनिअर मंडळींना मी नेहमी एका अमेरिकन वकिलाबद्दल सांगतो. त्यांचं नाव जॉन वोल्कर. मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरिअरजवळ इश्पेमिंग नावाचं लोखंडाच्या खाणींचं गाव आहे. 1903 साली ते तिथे जन्मले. वडिलांचा दारूचा गुत्ता होता, आई संगीत शिकवायची. 1928 मध्ये कायद्याची पदवी घेतली, शिकागोकडच्या मुलीशी लग्न झालं आणि ते शिकागोतल्याच एका मोठ्या फर्ममध्ये लागले. म्हणजे तुमचे घरचे सांगतात तो रस्ता त्यांनी धरून पाहिला. तिथे जीव रमेना, तेव्हा काही वर्षांत बायकोला घेऊन गावी परतले. काळ जागतिक मंदीचा होता, हे लक्षात घ्या.

तिकडे जिल्ह्याचा सरकारी वकील लोकांच्या मतांवर निवडून येतो. वोल्कर 1934 साली पहिल्यांदा निवडून आले आणि पुढे बरीच वर्षं त्या पदावर होते. खाणकामगार, लाकूडतोडे, शिकारी, गुत्त्यातल्या मारामाऱ्या असं सगळं त्यांच्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या खटल्यांच्या यादीत, यायचं. रात्री ते गोष्टी लिहायचे, पण 'रॉबर्ट ट्रॅव्हर' या टोपणनावाने. ट्रॅव्हर हे आईचं माहेरचं आडनाव. सरकारी पगार घेऊन हा पुस्तकं लिहीत बसतो, असं करदात्यांना वाटू नये म्हणून ही काळजी.

मासेमारीचा मोसम उघडला की ते ट्राउट माशाच्या मागे. मिशिगनमध्ये एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ट्राउटची मासेमारी सुरू होते, आणि त्या भागात तेव्हाही सावलीत बर्फ असू शकतो. जाळं नाही, गांडूळ नाही. पिसं आणि दोरा आकड्याला गुंडाळून केलेली खोटी माशी हलक्या हाताने पाण्यावर टाकायची. माशाला ती खरी वाटली पाहिजे. त्यासाठी त्या दिवशी पाण्यावर कोणते किडे उडतायत, ऊन कुठून पडतंय, आपली सावली कुठे जातेय हे सगळं बघावं लागतं. उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाला ही सवय किती कामाची, हे मी वेगळं सांगायला नको.

1950 ची निवडणूक ते हरले. सरकारी पद गेलं, खासगी वकिली सुरू झाली. जुलै 1952 च्या शेवटी बिग बे या छोट्या वस्तीत एका लष्करी लेफ्टनंटने गुत्त्याच्या मालकाला गोळ्या घालून ठार केलं. मालकाने माझ्या बायकोवर बलात्कार केला, असं लेफ्टनंटचं म्हणणं होतं. बचावाचं वकीलपत्र वोल्करांनी घेतलं. कृत्याच्या वेळी आरोपीचं मन ठिकाणावर नव्हतं हा बचाव ज्यूरीने मान्य केला आणि तो सुटला. याच खटल्यावरून त्यांनी 'अ‍ॅनाटमी ऑफ अ मर्डर' ही कादंबरी लिहिली. तिचा नायकही गावातला वकील, माजी सरकारी वकील आणि ट्राउटवेडा.

कादंबरी 1958 च्या सुरुवातीला आली आणि वर्षाहून जास्त काळ खपाच्या यादीत राहिली. 1959 मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला. त्याचं चित्रीकरण त्यांच्याच जिल्ह्यात झालं, कोर्टाचे प्रसंग तर मार्केट (Marquette) या जिल्ह्याच्या ठिकाणच्या खऱ्या कोर्टात. पुस्तक आलं तेव्हा वोल्कर मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते! गव्हर्नरने 1957 च्या सुरुवातीला त्यांना तिथे बसवलं होतं. आपल्याकडे अशी खुर्ची मिळाली की माणूस निवृत्तीपर्यंत हलत नाही. त्यांनी मात्र दशक संपता संपता राजीनामा दिला. कारण सरळ लिहिलं: निकाल लिहायला दुसरे आहेत, माझी पुस्तकं दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

पुढची तीसेक वर्षं इश्पेमिंग आणि जवळचं फ्रेंचमन्स पाँड नावाचं तळं. तिथे एक छोटी केबिन. काठ दलदलीचा, म्हणून पाण्यालगत लाकडी फळ्यांचे ओटे बांधलेले. त्यावर उभं राहून गळ टाकायचा, पत्र्याच्या कपात बर्बन ही अमेरिकन व्हिस्की घ्यायची, पिवळ्या कागदांच्या पॅडवर हिरव्या शाईने लिहायचं. तळं नक्की कुठे आहे, हे ते कुणाला सहजी सांगत नसत. मासेमारी फार महत्त्वाची आहे असं नाही, पण माणसांच्या बाकीच्या उठाठेवीही तितक्याच बिनमहत्त्वाच्या असाव्यात, असं त्यांनी एका प्रसिद्ध टिपणात म्हटलंय. 1991 साली 87 व्या वर्षी ते गेले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. पुस्तकाचे पैसे आले म्हणून ते कोर्ट सोडू शकले. त्याआधीची वीसेक वर्षं त्यांनी वकिली आणि नदी दोन्ही एकाच गावात केली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वर्षांत आहे. गावातल्या माणसांची नीट ओळख नसती तर तो खटला त्यांना तसा लढता आला नसता आणि ती कादंबरीही झाली नसती.

मला स्वतःला त्यांची 1965 ची 'लाफिंग व्हाइटफिश' ही कादंबरी जास्त मोलाची वाटते. तीही एका खऱ्या खटल्यावर बेतलेली आहे. ज्या खाणींवर त्यांचं गाव उभं राहिलं, तिथलं लोखंड 1845 साली गोऱ्या कंपनीला दाखवलं ओजिब्वे या तिथल्या मूलनिवासी जमातीच्या मार्जी गेसिकने. कंपनीने त्याला हिश्शाचा कागद लिहून दिला आणि हिस्सा कधी दिलाच नाही. त्याची मुलगी शार्लट कोर्टात गेली. तिच्या आईचं लग्न जमातीच्या रिवाजाने झालेलं, बापाला आणखी बायकाही होत्या, मग ही वारस कशी, असा कंपनीचा मुद्दा. 1889 मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने जमातीच्या रिवाजाचं लग्न वैध धरलं आणि शार्लट जिंकली. आदिवासी वारसांचे जमिनीचे दावे तुमच्याही बोर्डावर येतील, तेव्हा ही कादंबरी आधीच वाचून ठेवा. वोल्करांच्या नावाच्या फाउंडेशनने कायदा शिकणाऱ्या मूलनिवासी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या आहेत.