लॅब (लॅब्राडोर कुत्रा) आणायच्या आधी एवढं बघ
अरे लॅब घे ना, पण दहा-बारा वर्षांचा हिशोब आधी कर, म्हातारपणी त्याचे मागचे पाय जातात बऱ्याचदा, लिफ्ट नसेल तर तीस किलोचं धूड उचलणार कोण? नाही जमलं तर शेल्टरला देऊ हे डोक्यातून काढ, तिथे आधीच अ‍ॅक्सिडेंटवाली, पार्व्होवाली (कुत्र्यांचा जीवघेणा संसर्ग) कुत्री भरलेली असतात आणि सोफ्यावर वाढलेलं कुत्रं तिथे खाणंच सोडतं. रस्त्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पहिल्यांदा दंड जास्तीत जास्त ५० रुपये (हसू नकोस, खरंच). कायमचं झोपवायचं इंजेक्शन बरा न होणारा आजार असेल तरच, कंटाळा आला म्हणून नाही, आणि ती वेळ आलीच तर बाहेर फोन बघत बसू नकोस, त्याच्याजवळ थांब. मला विचारशील तर शेल्टरमधलं वयाने मोठं इंडी (आपलं देशी कुत्रं) घे, स्वभाव आधीच कळतो.