सतराव्या वर्षी दिलेला विसार

मुलुंड पूर्वेकडील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव बारावीत शिकतात आणि येत्या ११ फेब्रुवारीला त्यांना अठरा वर्षे पूर्ण होतील. गेली दोन वर्षे एका लग्नाच्या छायाचित्रकाराकडे चित्रफितींचे संपादन करून आणि इमारतीतल्या लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन या मुलाने २ लाख १० हजार रुपये जमवले. त्याला २०१६ सालची फियाट अबार्थ पुंटो ही १४५ अश्वशक्तीची गाडी घ्यायची आहे. किंमत ५ लाख ४० हजार ठरली. उरलेले पैसे मामा उसने देणार होते. घरी न विचारता त्याने जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला आपल्या बँक खात्यातून ७५ हजार रुपये पाठवले आणि पावतीवर सही केली. तीस दिवसांत बाकी रक्कम न आल्यास टोकन परत मिळणार नाही, असे त्या पावतीवर छापलेले आहे. मुदत संपत आल्यावर हे घरी कळले. आता व्यापारी म्हणतो की गाडी आईच्या नावावर करा, एका हमीपत्रावर सही करा आणि मुलगा अठराचा झाला की नाव बदलून घ्या. पैसे परत मिळतील का, गाडी स्वतःच्या नावावर घ्यावी का, आणि तोपर्यंत मुलाने ती सोसायटीच्या आवारात चालवली तर चालेल का, असे तीन प्रश्न या भगिनींनी विचारले आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पावतीचे छायाचित्र पाठवलेत ते फार बरे केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कागदावरच आहे. नाव, पत्ता आणि गाडीचा क्रमांक नीट भरलेला आहे, ‘वय’ हा रकाना मात्र कोरा आहे, आणि पावतीला मुलाच्या आधार कार्डाची छायाप्रत टाचलेली आहे. त्या प्रतीवर जन्मतारीख स्वच्छ वाचता येते. म्हणजे समोरचा ग्राहक अठरा वर्षांचा नाही हे कळण्याचे साधन व्यापाऱ्याच्या हातातच होते.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे करार करण्यास व्यक्ती सज्ञान असावी लागते, आणि सज्ञान केव्हा व्हायचे हे १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने अठरा वर्षे असे ठरवून दिले आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीने केलेला करार प्रारंभापासूनच रद्दबातल असतो, हे ब्रिटिश अमदानीतील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात सांगितले. तेथे कलकत्त्याच्या एका अज्ञान मुलाने घर गहाण ठेवून सावकाराकडून कर्ज घेतले होते, मुलगा अज्ञान असल्याची माहिती सावकाराच्या माणसाला होती, आणि सावकाराला गहाणखतही गमवावे लागले आणि दिलेले पैसेही परत मिळाले नाहीत. तुमच्या प्रकरणात पैसे मुलाने घेतलेले नसून दिलेले आहेत, आणि त्यांच्या बदल्यात त्याला गाडी तर नाहीच, साधी किल्लीही मिळालेली नाही. म्हणून तुमची बाजू मला भक्कम वाटते.

मूळ करारच अस्तित्वात नसेल, तर त्याच करारातील ‘टोकन परत मिळणार नाही’ या अटीच्या आधारे व्यापाऱ्याला रक्कम ठेवून घेता येत नाही. करार रद्दबातल असल्याचे आढळून आल्यावर, त्याखाली ज्याला लाभ मिळाला आहे त्याने तो परत केला पाहिजे, असे करार अधिनियमाचे कलम ६५ सांगते. व्यापाऱ्याचे वकील कदाचित म्हणतील की मुलाचे वय पहिल्या दिवसापासून माहीत होते, त्यामुळे नंतर काही ‘आढळून’ आले असे म्हणता येणार नाही आणि हे कलम लागू होत नाही. हा युक्तिवाद कोणी केलाच, तर अज्ञान मुलाकडून आपण जाणूनबुजून पैसे घेतले, अशी ती कबुली ठरेल, आणि ग्राहक आयोगापुढे ती त्यांना महागात पडेल. घटकाभर करार वैध धरला, तरीही विसार जप्त करण्याला मर्यादा आहेत. कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते, आणि काही नुकसानच झाले नसेल तर भरपाईच्या नावाखाली रक्कम जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात म्हटले आहे. गाडी व्यापाऱ्याच्या दुकानात जशीच्या तशी उभी आहे आणि तो ती उद्या दुसऱ्याला विकू शकतो.

आपले वय अठरा आहे असे मुलाने तोंडी सांगितले होते का, हे त्याला शांतपणे विचारून घ्या. तसे सांगितले असले तरी त्यामुळे करार वैध होत नाही. पण नोटिशीत खोटे विधान जाता कामा नये.

यापुढची पायरी लेखी मागणीची आहे. मुलाच्या वतीने, त्याची नैसर्गिक पालक म्हणून तुमच्या सहीने, स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. तिच्यात जन्मतारीख, रक्कम, बँकेतील व्यवहाराचा क्रमांक आणि पावतीची तारीख लिहा, आणि पंधरा दिवसांत रक्कम त्याच खात्यात परत करावी अशी मागणी करा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अज्ञान ग्राहकाच्या वतीने त्याच्या आईवडिलांना किंवा कायदेशीर पालकाला तक्रार करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाखल करता येते, एवढ्या रकमेसाठी शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. दिवाणी दावा लावायचा झाल्यास तुम्हाला मुलाच्या वादमित्र म्हणून, म्हणजे त्याच्या वतीने दावा चालवणारी सज्ञान व्यक्ती म्हणून, उभे राहावे लागेल. पण ७५ हजारांसाठी त्या वाटेला जाण्याची गरज पडेल असे मला वाटत नाही.

हमीपत्रावर मात्र कोणत्याही परिस्थितीत सही करू नका. मुलाच्या करारातून त्याच्यावर काहीच देणे येत नसले, तरी त्याच्यासाठी हमी देणारी सज्ञान व्यक्ती स्वतःच मुख्य देणेकरी ठरू शकते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिलेला आहे. या मुद्द्यावर पुढे मतभेद झाले आहेत, हे खरे. पण आज ज्या व्यवहारात तुमचे काहीच देणे नाही, त्यात एका सहीने स्वतःला गुंतवून घेण्याचे कारण काय?

गाडी आत्ता तुमच्या नावावर घेण्याविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे, आणि ते केवळ पैशांमुळे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटारगाडी चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अज्ञान मुलाने या कायद्याखाली गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड अशी आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत वाहन परवाना मिळत नाही. गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो टाळण्यासाठी योग्य ती सर्व काळजी घेतली होती, असे सिद्ध करून पालकाला सुटका मागता येते, पण ते सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो. ज्या आईने मुलाच्या हट्टाखातर गाडी स्वतःच्या नावावर घेतली, तिला हा बचाव घेणे किती अवघड जाईल हे तुम्हीच पाहा. गाडी मुलाच्याच नावावर नोंदवली तरी यातून सुटका नाही, कारण नोंदणी अज्ञान व्यक्तीच्या नावे असल्यास या कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे तिचा पालकच होय.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका पोर्शच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला, आणि ती गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप आहे. तुमच्या कष्टाळू मुलाची त्या प्रकरणाशी तुलना करण्याचा माझा हेतू अजिबात नाही. परंतु १४५ अश्वशक्तीच्या गाडीवर ताबा ठेवायला सराव लागतो, आणि तो सराव परवान्यासह, शेजारी जाणकार माणूस बसलेला असतानाच झाला पाहिजे.

सोसायटीच्या आवाराबद्दलही फार निर्धास्त राहू नका. जेथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी जागा म्हणजे सार्वजनिक ठिकाण, अशी कायद्याची व्याख्या आहे, आणि विमा दाव्यांच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तिचा विस्तृत अर्थ लावलेला आहे. जेथे दूधवाला, पाहुणे आणि खेळणारी मुले दिवसभर ये-जा करतात ते आवार पूर्णपणे खाजगी आहे, हा युक्तिवाद अपघातानंतर टिकेलच असे नाही. आणि निष्काळजीपणाने कोणी जखमी झाले तर भारतीय न्याय संहितेखालील गुन्ह्याला आवाराची भिंत आड येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की आधी रक्कम परत घ्यावी आणि ११ फेब्रुवारीपर्यंत थांबावे. त्या दिवशी मुलगा सज्ञान होईल, शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करू शकेल आणि तो परवाना मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याच्या चाचणीला बसू शकेल. व्यापारी कदाचित म्हणेल की अठरा पूर्ण झाल्यावर जुन्याच पावतीवर पुन्हा सही करा. तसे करू नका. अज्ञानपणी केलेला करार सज्ञान झाल्यावर कायम करता येत नाही. नवा करार नव्या अटींवर आणि नव्या मोबदल्यावरच व्हायला हवा, आणि ७५ हजार जुन्या खात्यातून वळते करून घेण्यापेक्षा ते आधी परत येऊन मग नव्याने दिलेले बरे.

तेव्हाही हीच गाडी घ्यायची असेल तर काही गोष्टी आधी तपासाव्यात. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. ते दाखवायला सांगा. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीच्या क्रमांकावरून बँकेचा बोजा, थकलेले ई-चलन आणि विम्याची मुदत पाहून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली असावी, एरवी हस्तांतरणाचे काम अडते. सायलेन्सर किंवा इंजिनाची यंत्रणा मागच्या मालकाने बदललेली असेल, आणि अशा गाड्यांत ते वारंवार आढळते, तर कारखान्याने दिलेल्या स्वरूपात ती परत आणून देण्याची अट लेखी घ्या, कारण बदल केलेल्या गाडीचा दंड नव्या मालकाला भरावा लागतो. नमुना २९ आणि ३० भरून वडाळा परिवहन कार्यालयात हस्तांतरण होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये, आणि विमा चौदा दिवसांच्या आत नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावा. तृतीय पक्षाचे, म्हणजे अपघातात इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचे, संरक्षण आपोआप चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे राहत नाही.

एक विनंती मात्र आवर्जून करते. नोटिशीचा मसुदा तयार झाला की तो मुलालाही वाचायला द्या. पैसे त्याने कमावलेले आहेत आणि ते परत कसे मागितले जातात हे त्याला कळले पाहिजे. आणि व्यापारी रक्कम देण्यास तयार झाला व त्याने मूळ पावती परत मागितली, तर पैसे मुलाच्या खात्यात जमा झाल्याची नोंद स्वतः पाहिल्याशिवाय ती त्याच्या हाती देऊ नका.