पाऊस कमी झालेल्या वर्षी नागझिरा अभयारण्यात प्राणी जास्त दिसतात का? मे महिन्यात यावं का, हमखास वाघ दिसेल ना?

दिसतात, या. पण तुम्ही 'हमखास वाघ' असं लिहिलंय, त्यातलं हमखास तेवढं खोडा.

माझं गाव साकोली तालुक्यात, पिटेझरी गेटच्या बाजूचं. एका वर्षी आमच्याकडे भाताची रोवणी अर्धीच झाली आणि गावची बोडी, म्हणजे लहान तळं, होळीलाच आटली. त्या उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मला मचाण मिळालं. दुपारी चढायचं, सकाळी उतरायचं, बॅटरी लावायची नाही. खाली सिमेंटची बशीसारखी उथळ टाकी, टँकरनं भरलेली. नाल्यातले झिरे कोरडे पडलेले, त्यामुळे आसपासच्या सगळ्यांना तेवढंच पाणी.

चितळं ऊन असतानाच येऊन गेली. अंधार पडल्यावर एक सांबराची मादी आली, डावा कान फाटलेला. पाण्यापासून वीसेक पावलांवर थांबली ती थांबलीच. नाक वर, एक पाय उचललेला. पुढे यायची, पुन्हा मागे सरायची. अर्धा तास तरी गेला असेल. तहान लागलेलं जनावर इतका वेळ पाण्याकडे नुसतं बघत राहतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. वाघ-बिबट्यालाही हीच टाकी माहीत असते ना! शेवटी घाईघाईनं प्यायली आणि पळाली. अस्वल मात्र बिनधास्त. दिसायच्या आधी त्याचं सुर्र सुर्र पिणंच ऐकू आलं.

म्हणून माझा सल्ला: जिप्सीवाल्याला सगळं जंगल फिरवायला सांगू नका. दुपारच्या फेरीत एकाच पाणवठ्यावर, जरा लांब, इंजिन बंद करून बसा. गाड्यांची रांग लागली की सांबर पाण्यावर येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. रानकुत्रे भर उन्हातही येतात, नागझिरा त्यांच्यासाठी प्रसिद्धच आहे. गवे बहुधा ऊन कलल्यावर. रोह्यांची, म्हणजे नीलगायींची, वाट पाहू नका, पाण्यावाचून त्यांचं बरंच भागतं. अस्वलच बघायचं असेल तर मार्च-एप्रिलात मोहफुलं गळतात तेव्हा या, पहाटेच्या फेरीला. पावसाळ्यात जंगल बंद असतं, तेव्हा जूनवर ढकलू नका.

आणि पाणवठ्यावर गर्दी दिसली म्हणून जनावरं वाढली असं गावी जाऊन सांगू नका. ती लांबलांबून एका टाकीवर आलेली असतात, टाकीभोवतीचं गवत पार खुडलेलं दिसेल तुम्हाला. वाघांचा अंदाजसुद्धा आता जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांत टिपलेल्या त्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून काढतात, मचाणावरच्या कागदावरून नाही. ते बरंच आहे. सकाळी मी फॉर्मवर अकरा सांबरं लिहून दिली, त्यात ती फाटक्या कानाची तीनदा होती.