छोट्या विमानात नवा ऑटोपायलट बसवल्यावर पहिली चाचणी कशी घ्यावी?

आधी जमिनीवर. ऑटोपायलट चालू ठेवून योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, जोर लावून फिरवा. ऑटोपायलटसाठी योक फिरवणाऱ्या मोटरवर, म्हणजे सर्वोवर, हाताने मात करता आलीच पाहिजे. डिस्कनेक्टचं बटण दाबताच ऑटोपायलट सुटला पाहिजे. मग तो पुन्हा चालू करून हेडिंगचा (दिशा ठरवायचा) नॉब उजवीकडे फिरवल्यावर योकही उजवीकडेच वळतो ना, हे बघा. वायर उलटी जोडली असेल तर इथेच सापडते. यातलं एकही बिनसलं तर उडूच नका.

नागपुरात उन्हाळ्यात चाचणी सकाळीच घ्या. दुपारच्या ४४-४५ अंशांत वर उसळणारी हवा विमान इतकं हलवते की दोष सेटिंगचा की हवेचा, कळतच नाही.

हवेत पुरेशी उंची घेऊन विमान हाताने ट्रिम करा, म्हणजे योक धरून न ठेवताही ते सरळ उडेल असं करा, मग फक्त हेडिंग लावा. पंख डावी-उजवीकडे डुलत राहिले तर बहुधा गेन (ऑटोपायलट किती जोराने दुरुस्ती करतो त्याचं सेटिंग) जास्त आहे, थोडा उतरवा. ते जमल्यावरच अल्टिट्यूड होल्ड, म्हणजे उंची कायम ठेवणं, लावा. बाहेर लक्ष ठेवायला दुसरा पायलट सोबत हवाच.